मरियमचं टेबल

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. पन्नाशी उलटली, आता तरी – पण सुरुवात मरियमपासून करतो. माझ्यात सांगण्यासारखं फार काही नाही, तिच्यात आहे.

इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत, आमच्या मुली एका वर्गात होत्या. मरियम पश्चिम सहाराची. तिथून स्पॅनिश सत्ता गेली आणि लगेच शेजारी देशाचं सैन्य आलं. तिची आई वाळवंट तुडवत सीमेपलीकडच्या छावणीत पोचली. तंबू पुरेसे नव्हते. बायकांनी आपली वस्त्रं – आपल्या नऊवारीसारखी लांबच लांब – एकमेकांना जोडून तंबू शिवले. त्यातच शाळा भरवली. छावण्यांना मागे सुटलेल्या गावांची नावं दिली. मरियम वाढली ती अशा गावाचं नाव सांगत, जे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

हे ती किती शांतपणे सांगायची! बिचारेपणा नाही, आव नाही. मग मी माझ्या आजोबांचा स्वातंत्र्यलढ्यातला तुरुंगवास ऐकवायचो. ती म्हणायची, "म्हणजे तुम्हाला कळेल." मला? मी नुसता नातू.

शाळेच्या इंटरनॅशनल डेला प्रत्येक देशाचं एक टेबल असायचं. टेबलं वाटायचं काम माझ्याकडे होतं, नावनोंदणीचा फॉर्मही मीच केला होता. "व्हिसा ऑफिस उघडलंयस की काय घरात?" बायको चिडवायची.

मरियमने विचारलं, लिस्टमध्ये माझा देश नाही, घालाल का? आईच्या तंबूचा जपलेला तुकडा तिला मांडायचा होता.

"शाळेला विचारून सांगतो," मी म्हणालो.

विचारलं नाही. हा देशच नाही म्हणून एखादा पालक तक्रार करेल, माझं नाव पुढे येईल, ग्रीन कार्ड अजून अडकलेलं – उगाच कशाला? दोन दिवस थांबलो – विचारल्यासारखं दिसावं म्हणून – आणि मेसेज केला: सॉरी, शाळा नाही म्हणतेय.

तिचं उत्तर आलं: "ठीक आहे. पुढच्या वर्षी पुन्हा विचारेन."

आणि तिने विचारलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. न चिडता, न लाजता. तिन्ही वेळा मी तेच खोटं बोललो. दुसऱ्यांदा तर सोपं गेलं.

तिसऱ्या वर्षी हॉलमध्ये एक टेबल रिकामं राहिलं. प्रिन्सिपल बाई त्याच्यापाशी थांबल्या. "अजून एक देश सहज बसला असता की!" मी मान डोलावली. त्या पुढे गेल्यावर तिथे आमच्या वडापावच्या कागदी प्लेट्स रचल्या.

मरियम आली होती. एकेका टेबलापाशी थांबून नीट ऐकत, प्रश्न विचारत. आमच्याकडे आली, वडापाव खाल्ला, म्हणाली, "छान जमवलंत सगळं." मी थँक यू म्हणालो.

आता मुली कॉलेजात आहेत. मरियम कधी दुकानात भेटते, थांबून बोलते. तिला अजून वाटतं, नाही म्हणाली ती शाळा.