शनिवारचा ग्रुप, रविवारची टीम

इथे पोरांना नुसतं खेळायचं म्हटलं तरी आईबापांना फॉर्म भरावा लागतो. ॲलर्जी कसली, डॉक्टर कोण, फोटो काढलेला चालेल का, आई नसेल तर न्यायला कोण येणार. मी साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या फॉर्मवर सह्या घ्यायच्या आणि घरी येऊन लेकीच्या फॉर्मवर सह्या करायच्या. वीट आलाय नुसता.

त्यात लेकीचा खेळ कुठला, तर बेसबॉल. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला एक काका म्हणाले, "अहो डॉक्टर, इंग्लंडात राहून बेसबॉल? क्रिकेटनं काय घोडं मारलंय तुमचं?" मी काय सांगणार? शाळेत मुली राउंडर्स नावाचा बेसबॉलसारखा खेळ खेळायच्या, त्यातून हिला बॅट फिरवायची गोडी लागली, आणि घरापासून वीस मिनिटांवर एक छोटासा क्लब सापडला. आवड काय अर्ज करून येते?

क्लबात दोन प्रकार होते. एक शनिवारचा ग्रुप. सकाळी दोन तास, सगळ्यांना बॅटिंग, कोण जिंकलं हे घरी जाईपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नसे आणि शेवटी बिस्किटं. दुसरी रविवारची टीम. तिच्यासाठी ट्रायल द्यायची, निवड झाली तर बुधवारी प्रॅक्टिस, आणि एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ दर रविवारी कुठल्या तरी गावात मॅच. ती गावं कधी दोन तासांवर, कधी तीन.

तिचा बाबा नोकरीसाठी कॉव्हेंट्रीत राहतो. शुक्रवारी संध्याकाळी येतो, रविवारी संध्याकाळी जातो. शनिवारी वाणसामान, कपडे, मराठी शाळा आणि हे बिस्किटवालं बेसबॉल. उरला रविवार. माझी ड्यूटी नसेल तर त्या दिवशी आम्ही तिघं उशिरा उठायचो, पोहे करायचो, आणि काहीही करायचो नाही. त्या काहीही न करण्यावर माझा पुढचा आठवडा निघायचा.

सप्टेंबरात तिनं पुढच्या मोसमासाठी ट्रायल दिली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. गाडीत येऊन बसली ती लालबुंद होऊन. मग रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "आई, मेल आला?"

मेल आला मंगळवारी. मी हॉस्पिटलच्या चेंजिंग रूममध्ये उभ्याउभ्या वाचला. तुमच्या मुलीची निवड झाली आहे, ती फार छान खेळली, शुक्रवारपर्यंत होकार कळवा. आईला आनंद व्हायला हवा ना? माझ्या डोळ्यांसमोर मोटरवे आला, पहाटे भरलेले डबे आले, मैदानाच्या कडेला फोल्डिंग खुर्चीत थरथरत बसलेली मी आले.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तू बघ काय ते. मला दोन्ही चालेल." दोन्ही चालणाऱ्या माणसाचं बरं असतं, त्याला काही ठरवावं लागत नाही. मी तिथल्या तिथे उत्तर टाइप केलं. आभारी आहोत, पण या वर्षी शनिवारचाच ग्रुप आम्हाला सोयीचा आहे. पाठवलं आणि पुढच्या ऑपरेशनला गेले.

घरी पोचले तर ती जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करत होती.

"मेल आला?"

"आला. या वर्षी तू शनिवारच्याच ग्रुपमध्ये आहेस."

नरो वा कुंजरो वा! एक शब्द खोटा नाही आणि एक शब्द खरा नाही. ती रडली असती, भांडली असती, तर मी सांगून टाकलं असतं, निदान मला तसं वाटतं. ती म्हणाली, "ओके." आणि पुन्हा गणितं करायला लागली. मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण मी इतकी दमलेली होते की बरंच वाटलं.

पुढच्या रविवारी मी नाइट ड्यूटी करून सकाळी घरी येऊन आडवी झाले, तर बाहेर धप्प. परत धप्प. खिडकीतून पाहिलं. तिनं गॅरेजच्या दारावर खडूनं चौकोन काढला होता आणि त्यात नेम धरून चेंडू फेकत होती. मग ते रोजचंच झालं. शाळेतून आल्यावर अंधार पडेपर्यंत, पाऊस असला तर रेनकोट घालून. बोटांना भेगा पडल्या, मी व्हॅसलिन लावून दिलं.

आणि माझा कहर बघा. मी मैत्रिणींना कौतुकानं सांगत सुटले, "अगं, सिलेक्शन झालं नाही तरी पोरगी खचली नाही हो! किती मेहनत घेते!" हे बोलताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. नवरा एकदा म्हणाला, "तिला सांगून टाक की खरं." मी म्हटलं, "तू सांग." मग दोघंही चहा पीत बसलो.

फेब्रुवारीत एका दुपारी मी तिचे धुतलेले कपडे कपाटात ठेवत होते. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला दिसला. वर इंग्रजीत, तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, माझी निवड का झाली नाही. खाली यादी. चेंडू जोरात आला की मी डोळे मिटते. धावताना मागे वळून बघते. माझं कोपर खाली राहतं. मी फार वेळा सॉरी म्हणते. मी हळू आहे. अशी पानभर.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोचला विचारायचं तिला धाडस झालं नसणार. मी कारण दिलं नाही, म्हणून तिनं बसून स्वतःमध्ये शोधून काढली होती कारणं. मी कपडे मांडीवर घेऊन तिच्या बेडवर बसले आणि रडले. माझ्यासारखी आई कुणाला मिळू नये, असं वाटलं मला.

आधी कोचला फोन लावला. सगळं सांगितलं नाही, नुसतं विचारलं, ती जागा अजून आहे का? तो भला माणूस, चुकचुकला. जागा तेव्हाच दुसऱ्या मुलीला दिली होती, टीम भरली होती. म्हणाला, सप्टेंबरात परत ट्रायल असेल, नक्की पाठवा.

ती शाळेतून आली. तिला समोर बसवलं आणि सांगितलं. तुझी निवड झाली होती. मीच नाही म्हटलं. तू कमी पडली नाहीस गं, मी दमले होते. रविवारी ड्राइव्ह करायचं माझ्या जिवावर आलं होतं. तुला तसं सांगायची हिंमत झाली नाही. चुकलं माझं.

 मी मोबाइल काढून तो जुना मेल तिच्या हातात दिला. तिनं मजकूर वाचायच्या आधी वरची तारीख बघितली. मी तिला बघताना पाहिलं. मग सावकाश वाचला, परत वाचला, आणि मोबाइल मला परत दिला.

"बाबाला माहीत होतं?"

"हो."

"तू सांगायचं ना, मी दमलीय म्हणून," ती म्हणाली. "मी नसते गेले. मला कळतं ते." तिचा आवाज चढलासुद्धा नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मी तिला जवळ घेतलं, तिनं घेऊ दिलं. सप्टेंबरात ट्रायलला जाऊ, दर रविवारी मी नेईन, बाबा गाडीत झोपेल, असं बरंच काही बडबडले मी. ती हं हं करत होती. शेवटी मी म्हटलं, "बाळा, तो कपाटातला कागद आता काढून टाक बरं. त्यातलं काहीही खरं नाही. मेल वाचलास ना तू? छान खेळलीस असं लिहिलंय त्यांनी."

तिनं थोडा विचार केला.

"पण मी डोळे मिटते, आई," ती म्हणाली. "ते खरं आहे. राहू दे तो."