लोकशाहीने हात खाली घेतला

लोकशाहीला भूक फार लागायची. बोलता बोलता चार पोळ्या संपवायचा आणि पाचवीला हात पुढे करायचा. जर्मनीत हायडेलबर्गला माझ्या मुलाच्या घरी तो भाड्याने राहत होता. पोरगा नागपूरचा, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारा. परदेशी सत्ता अरब देशांत लोकशाही आणायला जातात, तिचं पुढे काय होतं, हा त्याचा विषय. म्हणून मी त्याचं नावच लोकशाही ठेवलं.

घरात प्रत्येक गोष्टीला मतदान घ्यायची त्याला खोड. वांगी की बटाटा, हात वर करा! मी म्हणायची, "हात वर करून भाजी शिजत नाही. चिरायला घे."

चिरता चिरता इराक, लिबिया सांगायचा. "आजी, राजवट पाडायला बाहेरचे आले. नंतर घर सावरायला कोणी थांबलं नाही."

"सगळेच बॉम्ब घेऊन जातात का रे?"

"नाही ना. काहीजण तिथल्या पत्रकारांना, बायकांच्या संघटनांना खरंच मदत करतात."

"आणि तेलवाल्या राजांकडे कोण जातं लोकशाही घेऊन?"

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, हा त्याचा लाडका जर्मन शब्द. "त्यांना शस्त्रं विकतात. माझं चौथं प्रकरण तेच आहे."

मी होते तोवर ते चौथंच चाललं होतं.

मला वाईला परत जायचं होतं. तिथे माझं घर आहे, बोलायला माणसं आहेत. मुलगा म्हणे, एकटी कशी राहशील? एका रविवारी जेवताना लोकशाहीनेच तोडगा काढला. मतदान! मुलाचा हात वर, सुनेचा वर, नातीने तर दोन्ही वर केले. लोकशाहीचाही वर, नजर पोळ्यांच्या डब्यावर. ठरलं, आजी इथेच.

"माझ्या भल्यासाठी ना?" मी विचारलं.

"हो आजी."

"मग तुझे ते बाहेरचे देश वेगळं काय म्हणतात?"

त्याने हात खाली घेतला. मुलाला म्हणाला, "दादा, चुकलंच. जायचं की नाही ते आजी ठरवतील. तिकीट काढा."

मुलगा भडकला. "माझ्या घरात राहून मला शिकवतोस? दुसरी खोली बघ."

त्या गावात खोली मिळवताना विद्यार्थी रडकुंडीला येतात. तरी याने शब्द मागे घेतला नाही. मुलाचा राग उतरला तेव्हा त्याने माझं तिकीट काढलं. याला मात्र परत बोलावलं नाही.

घर सोडून निघाला तेव्हा तो दारात बूट घालत होता. मी म्हटलं, "मूर्खा, आधी खोली बघायची, मग तत्त्व."

"गेनाऊ," म्हणाला आणि मी दिलेली चटणीची बरणी घेऊन गेला.

परवा वाईला त्याचा ट्युनिशियाहून फोन आला. अभ्यासासाठी तिथे गेलाय.

"काय शिकवतोस तिथल्या लोकांना?"

"शिकवत नाही आजी, विचारतोय."

"मग सांगतात का?"

"आधी जेवायला बसवतात."

"मग जेव की. फोन कसला करतोस?"