रांजणाखालची भाकर

काळेवाडीच्या गोजाबाईला वाचता येत नव्हतं, पण पेपरातली एकही बातमी तिच्या हातून सुटत नसे. बातमी दिल्लीची असो की विलायतेची, ती फिरत फिरत शेवटी आपल्याच दारात येणार, अशी तिची पक्की खात्री होती. बाकीच्या बायका बातमी ऐकत आणि पदर झटकून उठत. गोजाबाई ती पदरात बांधून घरी आणी, आणि मग तिच्या नवऱ्याची, सोपानरावांची, धडगत नसे.

पेपर यायचा तोही शिळा. तिचे चुलतदीर आबाजी नदीपलीकडे पिंपरी स्टेशनवर दूध घालायला जात आणि येताना तिथल्या हॉटेलवाल्याकडून आदल्या दिवसाचा पेपर मागून आणत. संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून ते तो मोठ्याने वाचत. आबाजी चौथी पास होते, आवाज खणखणीत होता, आणि कुणी काही विचारलं तर ‘मला ठाऊक नाही’ एवढं सोडून बाकी काहीही बोलायची त्यांची तयारी असे. समोर छबूबाईच्या ओट्यावर बायका सुपं घेऊन धान्य निवडत बसत. हात सुपात आणि कान पाराकडे.

धान्यावरचं नियंत्रण उठलं, तेव्हा सगळी वाडी सुटल्यासारखी हसली. गोजाबाईने घरी येऊन ज्वारीची दोन पोती परसात पुरली. सरकारने हात काढला म्हणजे आता धान्य दिसायचंच नाही, असं तिने धरलं होतं. दूरच्या कुठल्या समुद्रात अणुबॉम्ब फोडला आणि त्याची राख जपानी कोळ्यांच्या अंगावर पडली, असं आबाजींनी वाचलं, तेव्हा तिने घरातलं सुकट आणि बोंबील उचलून उकिरड्यात टाकले.

“अगं, हे बोंबील त्या बॉम्बच्या आदुगर मेलेले हायती,” सोपानराव म्हणाले.

“तुमाला काय ठाव? राख उडत येती,” ती म्हणाली. त्या वर्षी त्या घरात पुन्हा सुकट आलं नाही, आणि सोपानराव छबूबाईच्या नवऱ्याकडे चोरून बोंबील खाऊन येत.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि वाडीने पोटभर हसून घेतलं. पण गोजाबाईची भीती आभाळातून पडलेली नव्हती. तिचा पाठचा भाऊ रंगराव मुंबईच्या गोदीत हमाली करायचा. लढाईच्या दिवसांत गोदीत दारूगोळ्याच्या बोटीचा स्फोट झाला, ती बातमी वाडीत लवकरच पोचली होती. पारावर चर्चा झाली, लोक हळहळले आणि आपापल्या कामाला गेले. मुंबई केवढी, गोदी केवढी, तिथे नेमका आपलाच माणूस कशाला असेल? गोजाबाईही तेच म्हणाली. घरात नणंदेचं लग्न होतं. तिने हळद दळली, जात्यावर गाणी म्हटली, बुंदीचे लाडू वळले. रंगरावाचं कळलं ते मांडवाची पानं सुकल्यावर. भाऊ तिकडे जळून गेला होता आणि आपण इकडे गात होतो, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. तेव्हापासून तिच्या हातांना कापरं सुटलं. बारीकसंच, पण सततचं. कुंकवाची रेघ हलायची, आणि भाकरीच्या कडा कुरतडल्यासारख्या उतरायच्या.

तर पंचावन्न साल होतं आणि दिवाळी झाली होती. पेपर मुंबईनेच भरलेला असे. मुंबई महाराष्ट्राला द्यायची की नाही, यावरून पार रोज तापायचा. गोजाबाईला वेगळीच काळजी. रंगरावाची बायको पोरांसकट तिकडेच राहिलेली.

“मुंबई दुसऱ्या राज्यात गेली, तर भेटाया जाताना पास लागंल का वो भावजी?” तिने ओट्यावरून विचारलं.

“लागंल की,” आबाजी म्हणाले. पेपरात पासाचं अवाक्षर नव्हतं.

त्याच दिवसांत सोपानराव ज्वारीला पाणी देत होते. पाट फोडताना खोरं ओल्या हातातून निसटलं आणि नडगीवर बसलं. जखम काही फार मोठी नव्हती. हळद भरली, फडकं आवळलं आणि ते पुन्हा पाण्यात उभे राहिले. पुढच्या बाजारापर्यंत जखमेच्या कडा लाल झाल्या, मग पू धरला, मग पाऊल टेकवताना ते ओठ चावू लागले. डॉक्टरचं नाव मात्र दोघांनीही काढलं नाही. शेजारच्या शालनबाईच्या नवऱ्याचा पाय असाच सडला होता. त्याला पुण्याला नेलं आणि परत आणलं तेव्हा पाय तिकडेच राहिला होता. त्या माणसाचा जीव वाचला हे वाडी विसरून गेली. गेलेला पाय तेवढा लक्षात राहिला. गोजाबाईच्या डोळ्यांपुढे आता उठता-बसता कापलेला पाय होता. नवऱ्याकडे बघितलं की तिला आधी त्याची नडगी दिसायची, मग तोंड.

आणि त्याच आठवड्यात ती बातमी आली. स्टेशनजवळ रुळापलीकडच्या माळावर मोठाल्या इमारती उठल्या होत्या, हे सगळ्यांनी बघितलंच होतं. तिथे काय होणार यावर वाडीत बरेच तर्क चालले होते. आबाजींनी वाचलं की तिथे पेनिसिलीन नावाचं औषध तयार होऊ लागलंय. ते बुरशीपासून काढतात. त्याने चिघळलेल्या जखमा भरून येतात, पाय कापायची पाळी आलेली माणसं चालत घरी जातात.

गोजाबाईने सूप खाली ठेवलं. “कसली बुरशी, भावजी?”

आबाजींनी पेपर उलटा करून बघितला. पुढे काही लिहिलेलं नव्हतं. “कसली म्हंजे? भाकरीवर येती ती. दुसरी कसली असती?”

“हिरवी का पांढरी?”

“हिरवी,” आबाजी ठामपणे म्हणाले. “पांढरी कच्ची असती.”

ती घरी आली ती जवळजवळ पळतच. आजवर प्रत्येक बातमी तिच्याकडून काहीतरी न्यायला आली होती. ही एकच तिला काहीतरी द्यायला आली होती, आणि तीही कशी, दवाखान्याची पायरी न चढता. तिने अर्धी भाकर पाण्याचा हात लावून मातीच्या परळात ठेवली, परळ रांजणाखालच्या ओल्या जागेत सरकवला आणि वर जुनं गाडगं पालथं घातलं. रोज उठल्यावर आधी ते गाडगं उचलून बघायचं, मग चूल. भाकरीवर हिरवी लव दिसली त्या दिवशी तिने रांजणाला हात जोडले.

देवाला फूल वाहावं इतक्या बेताने तिने ती बुरशी चिमटीने जखमेवर ठेवली. वर हळद, वर धुतलेलं फडकं. सोपानराव आढ्याकडे बघत पडले होते.

“काय लावलंस?”

“पाला हाय. छबूबाईनं सांगितला.”

“हां,” एवढंच ते म्हणाले.

त्या दिवसांत गोजाबाई पाराकडे फिरकली नाही. मुंबईचं काय झालं, तिने विचारलं नाही. घरात ती हलक्या पावलांनी वावरायची, मधूनच काहीतरी गुणगुणायची, आणि तव्यावरून भाकऱ्या गोल उतरायच्या. सोपानराव त्या भाकरीची कड बोटाने चाचपत आणि मग जेवत.

पाय मात्र सुधारेना. लाली जखमेपासून वर सरकली. गोजाबाईला वाटलं, औषध कमी पडतंय. तिने भाकरीचा मोठा तुकडा परळात घातला आणि बुरशी दोन वेळा लावू लागली. लाली गुडघ्यापर्यंत आली. फडक्याला वास मारू लागला. दुपारच्या उन्हात सोपानराव घोंगडी घेऊन कुडकुडत बसले, आणि तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा आलं, हे आपणच तर केलं नाही?

एकदा आलेला तो विचार मग हटेना. तिने परळ उचलला आणि उकिरड्यावर नेऊन फोडला. हात राखेने घासले, पुन्हा घासले. सांगायचं कुणाला? छबूबाईला सांगितलं तर घटकाभरात वाडीभर होईल की गोजीने नवऱ्याला शिळ्यापाक्याचं विष चारलं. आबाजींना सांगावं तर तेच म्हणतील, मी कुठे लाव म्हटलं होतं? ती उंबऱ्यात बसून राहिली. भावाच्या वेळी तिने बातमी ऐकून सोडून दिली, या वेळी धरून ठेवली, आणि दोन्ही वेळा माणूस तिचंच जायला निघालं होतं. आता कुठल्या तोंडाने देवापुढे उभं राहायचं, हेच तिला कळेना.

सकाळी सोपानरावांनी तिला आपल्या आईच्या नावाने हाक मारली. तेव्हा ती ओरडतच आबाजींच्या दारात गेली.

गाडी जुंपली. कडबा पसरून त्यावर सोपानरावांना निजवलं आणि नदी उतरून चिंचवड गाठलं. वाटभर आबाजी बैलांची शेपटं पिरगाळत होते. गोजाबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिचे हात इतके कापत होते की त्याच्या कपाळावर तिला ते टेकवता येईनात.

चिंचवडचे डॉक्टर म्हातारे आणि तापट होते. त्यांनी फडकं कापलं, जखमेकडे बघितलं आणि चष्मा वर सरकवला.

“हे हिरवं काय भरलंय? कोणी लावली ही घाण?”

आबाजी पुढे वाकले. त्यांनी ते हिरवं बघितलं, मग गोजाबाईकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. आता सांगायलाच हवं, हे गोजाबाईला कळत होतं. तिने तोंड उघडलंही.

“म्या लावली,” सोपानराव डोळे मिटूनच म्हणाले.

“काय आहे हे?”

“बुरशी. भाकरीची.”

डॉक्टर ताडकन उठले. “अरे, अक्कल आहे का तुला? औषधाची बुरशी वेगळी. ती निवडून वाढवतात, गाळतात, शुद्ध करतात. तू काय उकिरडा भरलास पायात! बायको नव्हती का घरात, सांगायला?”

“व्हती,” सोपानराव म्हणाले. “तिचं म्या ऐकलं न्हाई.”

डॉक्टरांनी पू काढला, जखम धुतली. मग एका लहानशा बाटलीतली पांढरी पूड पाण्यात विरघळवून सुईत ओढली. “पेनिसिलीन,” ते म्हणाले. गोजाबाई डोळे फाडून बघत होती. त्यात हिरवं काही नव्हतंच. “पायाचं नंतर बोलू. आज जीव राहतो का ते बघतो. कुणी कुठे जायचं नाही.”

दवाखान्याच्या ओसरीवर त्यांनी मुक्काम केला. ठरल्या वेळेला सुई टोचली जाई आणि गोजाबाई लालीच्या कडेवर नजर रोखून बसे. आबाजी बाहेरच्या पायरीवर होते. दुसऱ्या दिवशी ते आत आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

“वैनी, पेपरात भाकरीचं काय बी न्हवतं. म्या आपलं बोललो.” त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं. “समद्यांसमोर न्हाई म्हनायची लाज वाटली.”

रागवायला गोजाबाईत त्राण नव्हतं, आणि रागवायचं तर आधी स्वतःवर, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

मग ताप उतरला. लाली गुडघ्याखाली आली, तिथून हळूहळू खाली. डॉक्टरांनी एका सकाळी नडगी दाबून बघितली आणि म्हणाले, “पाय राहिला तुझा. थोडा लंगडशील. पुन्हा स्वतःची डॉक्टरकी केलीस तर मात्र माझ्याकडे येऊ नकोस.”

परतीच्या वाटेला आबाजी पुढे बैलांपाशी होते. मागे कडब्यावर ही दोघं. नदीचा उतार लागेपर्यंत गोजाबाईने दम धरला.

“तुमाला ठाव व्हतं?”

“व्हय.”

“कवापासनं?”

“पयल्या दिसापासनं. रांजणाशी पानी प्यायला बसलो, तवा वास आला. गाडगं उचलून बघितलं.”

“मंग बोलला का न्हाई?” तिचा आवाज फुटला. “पाय गेला असता. तुमी गेला असता!”

सोपानरावांनी तिच्या हातांकडे बघितलं.

“अगं, रंगराव गेल्यापासनं तुझा हात कधी थाऱ्यावर न्हाई. ती बुरशी लावताना मातुर कापत न्हवता. येवढासा बी न्हाई. भाकरी गोल व्हायाला लागली. मला वाटलं, लावू दे.”

या माणसाने गोजाबाईचे हात थोडे दिवस थाऱ्यावर राहावेत म्हणून आपला पाय तिच्या हवाली करून टाकला होता, जीवही केला असता, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करील. इतकी भीती तिला आजवर कुठल्याही बातमीने घातली नव्हती.