तंबूबाहेरचं पायताण

नरसय्या विणकराची नजर भलतीच तिखट. मागावर तुटलेला धागा त्याला चार हातांवरून दिसायचा, तशीच सिनेमातली खोटही. सत्तावीस साली सोलापुरात सिनेमाचा तंबू लागला, तेव्हा प्रत्येक खेळानंतर हा पानपट्टीपाशी उभा राहून पोथीत काय आहे आणि पडद्यावर त्याचं काय मातेरं केलंय, ते तावातावानं सांगायचा.

एकदा पडद्यावर देव गदा सावरत आभाळात उडाला. लोकांनी हात जोडले. नरसय्या ओरडला, “अरं, कमरेला तार हाय की! दोन पदरी!” सगळा तंबू खदखदून हसला. दोरीपलीकडे बायकांत ताकवाली गोजाबाई बसली होती. देवाचा खेळ म्हणून ती पायताण बाहेर काढून यायची. “कुटं रं, बाबा?” तिनं विचारलं. त्यानं हौसेनं बोट करून दाखवलं. तिला तार दिसली.

पुढच्या खेळाला ती पायताणासकट आत आली. नरसय्यानं चाचरत कारण विचारलं.

“आता कशाला काढू? टांगलेला मानूसच हाय की त्यो.”

नरसय्या पुन्हा सिनेमावर चकार शब्द बोलला नाही. गोजाबाईला दिसतील अशा बेतानं तो स्वतःच्या चपला बाहेर काढू लागला. तिचं पायताण मात्र तिच्या पायातच राहिलं.