कॉलेजचं घर पाहणं

आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांइतका विद्यार्थ्यांकडे साफ दुर्लक्ष करणारा प्राध्यापक उभ्या खानदेशात झाला नसेल. आणि सातपुड्याच्या पाड्यांवरून त्यांनी शिरपूरला जितकी मुलं आणली, तितकी दुसऱ्या कुणी आणलीही नसतील. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्ही बाकीचे प्राध्यापक आंबे खायला गावी जायचो, सर मोटारसायकलवर टांग टाकून डोंगराकडे निघायचे. एकदा मीही हौसेनं मागं बसलो. पाड्यावर बारावी झालेली मुलगी समोर उभी, आणि हा गृहस्थ तिच्याकडे बघेचना! आजोबांच्या गुडघ्याची चौकशी झाली, शेळीच्या करडाचं कौतुक झालं, बिनदुधाचा चहा पुन्हा मागून झाला. शिक्षणाचा श म्हणून काढला नाही. परतताना मी कुरकुरलो, तर म्हणाले, "अरे, पोरगी तयारच असते. प्रवेश तिच्या आत्याला द्यायचा असतो."

लग्न ठरवण्याआधी मुलीकडचे घर पाहायला जातात ना, तसं सर अख्ख्या कुटुंबाला जीपमध्ये कोंबून कॉलेज पाहायला आणायचे. प्राचार्यांना सकाळीच निरोप जायचा: इस्त्रीचा शर्ट घाला आणि कमी बोला. पहिली आज्ञा ते पाळत.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास त्याच मुलीची आत्या अशी घर पाहायला आली. मुलीची आई बाळंतपणातच गेलेली, हिनंच तिला वाढवलेलं. बापाचा होकार होता, पण त्याला विचारतो कोण! आत्यानं वसतिगृहाच्या दाराची कडी आतून लावून पाहिली, माठात डोकावली, खाणावळीतल्या डाळीचा वास घेतला. मग प्राचार्यांपुढे येऊन उभी राहिली.

"पोर रातले आजारी पडनी ते कोन उठई?"

"नियमाप्रमाणे अधीक्षकांकडे अर्ज केल्यास..." प्राचार्यांनी सुरुवात केली.

आत्यानं भाचीचा हात धरला. "चाल वं घर."

पोरीचे डोळे भरले, पण ती निमूट चालू लागली. सरांचं तोंड एवढंसं झालं. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी ती सगळी वरात स्वतःच्या घरी वळवली. वहिनी अंगणात पापड वाळत घालत होत्या. इतकी माणसं बघून त्या सरांवर अशा तुटून पडल्या की मीच दोन पावलं मागं सरलो.

"सांगं बी नई, आनि बठ्ठासले उनमा उपाशी फिरावतस! काई वाटस का तुमले?"

सर खाली मान घालून उभे. आत्या टक लावून बघत राहिली, आणि सावकाश ओट्यावर टेकली.

"हाई बाई उठई," ती म्हणाली. "पोर ऱ्हाई आठे."

जेवणं झाली. उन्हं कलल्यावर पोरीला मागं ठेवून जीप निघाली. दिवसभर सगळ्यांना धारेवर धरणारी आत्या पाठमोरी बसली होती, तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. मी सरांच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "जिंकलात की!"

"आपण म्हणतो, पोरगी मिळाली," सर म्हणाले. "त्या बाईला आज चुलीपाशी एकटीनं बसायचंय."

एरवी मी काहीतरी खोचक बोललो असतो. तेव्हा वहिनींचे पापड गोळा करायला लागलो.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. जून लागला की कॉलेजच्या खिडकीपाशी डोंगराकडची मुलं एकटीच रांगेत उभी दिसतात. घरी कोण कोण आहे, असं त्यांना कुणी विचारत नाही. मग मला सरांची फार आठवण येते.