बिनराजाचा चोपदार

तंजावरचे महाराज मागे मुलगा न ठेवता वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं, तेव्हा राजवाड्यातल्या हत्तींची, अंबाऱ्यांची, पिकदाण्यांची यादी झाली. सेतुरावांच्या हातातली चांदीची काठीही त्या यादीत गेली. सेतुराव तेवढे कुणी लिहून घेतले नाहीत.

ते दरबारचे चोपदार. महाराज सदरेवर यायला निघाले की "अदब! निगाह रखो!" अशी ललकारी द्यायची, एवढंच त्यांचं काम. बावीस वर्षं ते त्यांनी इतकं चोख केलं की छतातली कबुतरंही अदबीने गप्प बसायची. आता महाराजच नव्हते. बायको सीतालक्ष्मीला घेऊन ते कुंभकोणमला तिच्या थोरल्या भावाच्या घरी आले.

मेहुणे मुकुंदराव पूर्वी दरबारच्या तांबूलखान्यात होते. विड्याची पानं पुसणाऱ्यांवर देखरेख करणं ही त्यांची कामगिरी. राज्य गेल्यापासून ते दुःखात होते आणि ते दुःख त्यांनी मोठ्या थाटात चालवलं होतं. रोज दुपारी ओसरीवर चार-पाच माजी दरबारी जमत, ताक पीत आणि उसासे टाकत. ज्याचा उसासा लांब, त्याची निष्ठा मोठी. सरकारला पाठवायचा एक अर्जही तिथे सहा वर्षं लिहिला जात होता. महाराजांच्या किताबांचा क्रम ठरत नसल्यामुळे तो पहिल्या ओळीच्या पुढे सरकला नव्हता.

सेतुरावांना उसासा जमेना. पहिल्याच दिवशी त्यांनी मन लावून एक टाकला, तर शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.

"सेतुराव, दुःखालाही काही रीत असते," मुकुंदराव म्हणाले.

सेतुराव ओशाळले आणि ओसरीवर बसायचे बंद झाले. पण त्यांना खरी भीती निराळीच होती. गळा गंजला तर? जमीन नाही, विद्या नाही, काठीसुद्धा नाही. आपल्याजवळ उरलाय तो हा आवाज. तोही गेला तर आपण कोण? म्हणून ते रोज पहाटे कावेरीकाठी जात, रिकाम्या वाळूकडे तोंड करून पूर्ण ललकारी देत आणि परत येऊन घराचं पाणी भरत. धोबी हसत. आंघोळीला आलेले लोक त्यांना वेडा राव म्हणू लागले.

ही गोष्ट मुकुंदरावांच्या कानावर गेली. "घराण्याची अब्रू घालवली! राजा नाही आणि हा कुणासाठी ओरडतो?"

"दादा, तुम्ही अर्ज कुणासाठी लिहिता?" सीतालक्ष्मीने आतून विचारलं.

मुकुंदरावांनी ताक मागवलं.

त्या उन्हाळ्यात गावात पटकीची साथ आली. रोज दोन-तीन घरांत रडं उठू लागलं. तळ्याचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, असा हुकूम निघाला, पण तो सांगायचा कुणी? दवंडी पिटणारा पहिल्याच आठवड्यात गाव सोडून पळाला होता. कचेरीतले कारकून गोपालकृष्ण पिळ्ळै रोज नदीवर आंघोळीला येत. एका पहाटे ते ओलेत्यानेच सेतुरावांसमोर उभे राहिले.

"राव, एवढा आवाज वाळूला कशाला ऐकवता? माणसांना ऐकवा."

सेतुराव त्याच दिवशी निघाले. बांबूची एक काठी घेतली, पागोटं बांधलं. पण पहिल्या चौकात उभे राहिले मात्र, बावीस वर्षांची सवय आडवी आली. हुकमाच्या आधी ललकारीच बाहेर पडली.

"अदब! निगाह रखो!"

रस्ता थिजला. म्हाताऱ्या बायका ओवाळायला निरांजनं घेऊन दारात आल्या. आणि ओसरीवरची मंडळी! राज्य परत मिळालं, नवे महाराज आले, या एकाच समजुतीने ती उठली. एकाने जरीचा अंगरखा उलटा चढवला. मुकुंदराव अर्धं पागोटं डोक्याला आणि अर्धं रस्त्यावर, असे धावत आले आणि चौकात पोहोचताच मुजऱ्याला वाकले.

तेव्हा सेतुरावांनी तमिळमध्ये पुढचं वाक्य खणखणीत घातलं, "तळ्याचं पाणी उकळून प्या!"

वाकलेले मुकुंदराव बराच वेळ वर आले नाहीत. सगळा चौक हसला. साथ आल्यापासून गाव पहिल्यांदाच हसत होतं. लोकांनी सेतुरावांना तोच हुकूम तीनदा सांगायला लावला.

घरी वादळ झालं. "महाराजांची ललकारी तळ्याच्या पाण्याला? या घरात यापुढे पाणी उकळलं जाणार नाही!"

"तुमच्यापुरतं नाही उकळत," सीतालक्ष्मी म्हणाली.

मुकुंदराव चार दिवस निष्ठेने कच्चं पाणी प्याले. पाचव्या दिवशी आडवे झाले. ओसरीवरची मंडळी दारापर्यंत आली, एकेक उसासा टाकला आणि घरी गेली. सेतुरावांनी आणि सीतालक्ष्मीने मुकुंदरावांची घाण काढली, धोतरं-पांघरुणं उकळली, चमच्याचमच्याने पेज पाजली. दिवसभर आठ गल्ल्या ओरडून आलेले सेतुराव घशात मिठाची गुळणी धरून मेहुण्याचे पाय चेपत. आपण केव्हा झोपलो होतो हे त्यांना आठवत नसे. आणि गंमत अशी की, राज्य गेल्यापासून इतकं हलकं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

मुकुंदराव वाचले. पिळ्ळैंनी मध्येच एकदा सुचवलं, की ती दरबारी सुरुवात सोडून थेट हुकूमच सांगावा. "ती सोडली तर दारं उघडणार नाहीत," सेतुराव म्हणाले, आणि ते खरंच होतं. आसपासच्या खेड्यांतूनही त्यांना बोलावणी येऊ लागली.

साथ ओसरली तशी ओसरी पुन्हा भरली. अंगात जेमतेम बळ आलेले मुकुंदराव तक्क्याला टेकून उकळलेलं पाणी घोट घोट पीत मंडळींना सांगत होते, "राजवाड्यात पाणी नेहमी उकळूनच असे. मीच तो पायंडा पाडला. सेतुराव शिकले ते माझ्याकडूनच."

सीतालक्ष्मी आतून ऐकत होती. आता तरी हे काही बोलतील, म्हणून तिने नवऱ्याकडे पाहिलं. सेतुराव पागोट्याचा शेवट खोचत होते.

"साक्कोट्टैला जाऊन येतो," ते म्हणाले. "तिथल्या विहिरीचं सांगायचं राहिलंय. ऊन चढायच्या आत पोहोचायला हवं."