पहिल्या मुठीची अट

आमच्या वाडीत सध्या अशी बोलवा आहे की मालनवहिनी कुरियरने भुतं पाठवते. पुण्याला एक पोचलंही म्हणे, पॅकिंगसकट. साफ खोटं आहे. मालन पाठवते ते फणसाचे तळलेले गरे. सोबत काय जातं, ते तुम्हीच ठरवा.

माझी सख्खी शेजारीण. नवऱ्याचा, अनिलचा, मुंबईचा कारखाना बंद पडला आणि तो घरी येऊन बसला, तेव्हा हिने बचत गटाच्या प्रशिक्षणात मोबाईलवर दुकान थाटायला शिकून घेतलं. आता घर त्या दुकानावर चालतं आणि अनिल फणस फोडतो. आमच्या हिच्यासमोर मी हा विषय काढत नाही, उगाच कल्पना सुचायच्या.

तिच्या घरालगतच्या परड्याच्या कडेला एक जुना कापा फणस आहे. तो राखणदाराचा. राखणदार कोणाला दिसत नाही, तिन्हीसांजेला काठी टेकत हद्दीवरून फिरतो. त्या झाडाची पहिली मूठ त्याची, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. पण गिऱ्हाइकं परगावची. म्हणून मालनने दुकानाच्या अटींत, अगदी तळाला, एक ओळ घातली : ‘या गऱ्यांची पहिली मूठ उंबऱ्याबाहेर ठेवावी, मगच खावे.’

“वहिनी, अटी कोण वाचतं?” मी तेव्हा पोटभर हसून घेतलं होतं.

परवा तिन्हीसांजेला मी तिच्या ओट्यावर चहाला बसलो होतो. तिचा चुलत दीर राजेंद्र, कोर्टात वकिली करतो, तोही होता. एवढ्यात पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, स्नेहल नावाच्या बाईंचा. मालनने स्पीकर लावला.

“डबा उघडल्यापासून रोज या वेळी दाराबाहेर कोणीतरी काठी टेकत फिरतंय,” बाई कुजबुजत होत्या. “सातवा मजला आहे आमचा. दार उघडलं तर कोणी नसतं. पायपुसण्यावर तांबडी माती.”

फोनमधून आम्हालाही ऐकू आलं. टक. मग जरा थांबून, टक.

“पैसे परत करते,” मालन म्हणाली.

“पैसे नकोत. हे थांबवा.”

“पहिली मूठ बाहेर ठेवली होतीत? अटींत लिहिलंय, ताई.”

“मी त्या वाचल्या नाहीत, मान्य तर मुळीच केल्या नाहीत. आणि डबा आता संपलाय. मी ग्राहक आयोगाकडे जाणार, तुमचं दुकानच बंद करायला लावते.”

मालनचा चेहरा उतरला. तिने राजेंद्रकडे पाहिलं.

“त्या बरोबर बोलतायत, वहिनी,” तो म्हणाला. “अट पार तळाला, बारीक अक्षरात. ती न उघडताच पैसे भरता येतात. गिऱ्हाइकासमोर जे नीट ठेवलंच नाही, ते त्याने कबूल केलं असं कसं म्हणणार? आधी दाखवून होकार घेतला असतात तर निदान भांडता आलं असतं.”

“म्हणजे ही अट ताईंवर नाही?”

“नाही.”

“मग कोणावर?”

मालन फोनवर वाकली आणि, तिकडे बाईंखेरीज आणखी कोणी ऐकत असावं तशी, सावकाश, खणखणीत बोलली, “ताईंवर अट नाही. त्यांनी कबूल केलं नव्हतं.”

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. मग स्नेहलबाई म्हणाल्या, “थांबलं.”

काहीतरी टोमणा मारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात परड्याच्या दगडी गडग्यापाशी काठी वाजली. टक. मालनचा कुत्रा ओट्याखाली शिरला. पुण्याहून यायला एसटीलासुद्धा रात्र लागते हो.

काठी पाखाडीच्या पायऱ्या चढायला लागली. मालन आत गेली, घरासाठी राखलेला त्याच फणसाचा डबा फोडून मूठ भरून घेऊन आली.

“बसून राहा,” राजेंद्र दबक्या आवाजात म्हणाला. “कायद्याने ती तुमच्यावरही नाही. ती अट कोणी वाचलेलीसुद्धा नाही.”

मालनने गरे उंबऱ्याबाहेर ठेवले.

“मी वाचली होती, भावजी. मीच लिहिली ना.”